स्पष्ट दिसत असताना

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मैदानावर फाऊलचा पिवळा रुमाल पडला आणि खेळ थांबला. यजमान कॉलेजच्या चव्वेचाळीस नंबरच्या मुलाने पाहुण्यांच्या चेंडू झेलणाऱ्या मुलाला धडक दिली होती. मुख्य पंच हॅलोरन याने कमरेचा माइक चालू करून साऱ्या स्टेडियमला सांगितलं : टार्गेटिंग, बचावाचा संघ, नंबर चव्वेचाळीस, सामन्यातून बाद. मग नियमाप्रमाणे त्याने हेही सांगितलं की, हा निर्णय तपासला जात आहे.

तपासणारे आम्ही होतो.

आमची खोली प्रेक्षकांच्या बाकांच्या वर, पत्रकारांच्या कक्षाला लागून होती. काचेची एक भिंत, टीव्हीचे चार पडदे, तीन माणसं. यशवंत धुमाळ हे निर्णय देणारे. कर्ट हा चित्रं मागेपुढे करणारा. आणि मी, हेडफोन लावून मैदानाशी बोलणारी. आमच्यापैकी कोणीही या कामावर जगत नव्हतं. धुमाळ आठवडाभर काउंटीच्या रस्ते खात्यात पूल तपासायचे. कर्टचं गवत कापायच्या यंत्रांचं दुकान होतं. मी अमेरिकेतल्या त्या गावच्या दैनिकात उपसंपादक होते. त्याआधी नाशिकला अकरा वर्षं कोर्टाच्या बातम्या केल्या होत्या.

धुमाळांनीच मला या कामात ओढलं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पंगतीला शेजारी बसले होते. म्हणाले, "वर्तकबाई, तुम्ही मथळे करता ना? मला कमीत कमी शब्दांत बोलणारं माणूस पाहिजे. इथली माणसं 'हॅलो'लाच चार वाक्यं घेतात."

"मला त्या खेळातलं काही कळत नाही."

"ते बरंच. कळणारे फार बोलतात."

ते कराडचे. तरुणपणी तिथे कबड्डीला शिट्टी वाजवायचे. "तिकडं निर्णय चुकला की खुर्ची यायची," असं ते नव्या पंचांना सांगत. "इथं ईमेल येतो. खुर्ची बरी, एकदाच लागते."

कर्टला आमचं मराठी ऐकून गंमत वाटे. त्या दिवशीही पहिल्या अर्ध्यात तो म्हणाला होता, "तुम्ही दोघं तुमच्या भाषेत सुरू झालात की, मला वाटतं काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय."

"बहुतेक वेळा डब्यात काय आहे ते चाललेलं असतं," मी त्याला सांगितलं.

अमेरिकन फुटबॉल हा नावाचाच फुटबॉल आहे. चेंडू हातात, डोक्यावर हेल्मेट, आणि दर काही सेकंदांनी माणसांचा ढीग. टार्गेटिंगचा नियम त्या ढिगातली डोकी वाचवायला केलेला आहे. हेल्मेटचा माथा हत्यारासारखा वापरला, किंवा स्वतःला सावरू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर, मानेवर धडक दिली, तर मारणारा सामन्याबाहेर जातो. गुन्हा उत्तरार्धात घडला तर पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही जातो. मैदानावरच्या पंचाला सूचना असते, शंका आली तर फाऊल द्या. खोलीतल्या पंचाने मग शांतपणे बघायचं आणि तीनपैकी एक शब्द द्यायचा. त्या काळात तीन होते. 'कन्फर्म्ड' म्हणजे निर्णय बरोबर. 'ओव्हरटर्न्ड' म्हणजे चूक. आणि 'स्टँड्स' म्हणजे चित्रात पुरेसं स्पष्ट दिसत नाही, म्हणून मैदानावरचं तसंच राहू द्या.

त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. सुरुवातीला एकेक मुलगा आईवडिलांना घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला होता. चव्वेचाळीसची आई एकटीच होती. मुलाच्या नंबरचा सदरा घालून आली होती आणि तो तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. आमच्या खोलीत खेळाडूंना नावं नसतात, नंबर असतात. त्याचं नाव ट्रेंट ओडेगार्ड होतं हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं.

"कर्ट, गोलाच्या मागचा कॅमेरा," धुमाळ म्हणाले. "सावकाश."

चित्र सरकलं. चव्वेचाळीसने खांदा घातला होता. खांदा झेलणाऱ्याच्या छातीवर लागला, डोकं बाजूला होतं. डोक्याला डोकं लागलंच नाही.

"स्वच्छ आहे," कर्ट म्हणाला.

"पुढे घे."

पुढे दोघं पडत होते. पडता पडता मागून धावत आलेल्या त्याच्याच संघातल्या मुलाचा गुडघा चव्वेचाळीसच्या हेल्मेटवर बाजूने आदळला. तो जमिनीवर उताणा झाला. त्याचे दोन्ही हात कोपरांपासून वर उचलले गेले, बोटं फाकली, आणि हात तसेच ताठ राहिले. मग गळून पडले. मग सोबत्यांनी त्याला ओढून उभं केलं, पाठीवर थापा मारल्या, आणि तो बाजूच्या रेषेकडे चालत गेला.

दोन वर्षांपूर्वी पंचांच्या शिबिरात एका डॉक्टरने आम्हाला असे हात दाखवले होते. मेंदूला मार बसला की हात असे होतात, ही खूण विसरू नका, असं तो म्हणाला होता.

"हात पाहिलेत?" मी विचारलं.

"पाहिले," धुमाळ म्हणाले. "कर्ट, पुन्हा."

पुन्हा पाहिलं. तेच दिसलं. हेडफोनमध्ये हॅलोरनचा आवाज आला, "काय आहे तुमच्याकडे?"

"बघतोय," मी म्हणाले आणि माझ्या बाजूचा आवाज बंद केला.

"वर्तकबाई, टार्गेटिंग नाही हे," धुमाळ मराठीत म्हणाले.

"नाही. पण तो मुलगा खेळण्याच्या स्थितीत नाही."

"ते आपल्याला विचारलेलं नाही."

"मग जे विचारलंय त्याचं असं उत्तर द्या की तो बाहेर राहील. 'स्टँड्स' म्हणा."

ते माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत राहिले.

"म्हणजे स्पष्ट दिसत नाही म्हणू?"

"म्हणा. कोण विचारतंय? दर शनिवारी कुठे ना कुठे म्हणतात."

"दिसतंय की हो. तुम्हाला दिसतंय, कर्टला दिसतंय. सोमवारी लिंडक्विस्टला दिसेल." गॅरी लिंडक्विस्ट हे आमचे निरीक्षक. दर सोमवारी प्रत्येक निर्णय तपासून गुण देत.

"दिसू दे. कापतील गुण."

"गुणांचं नाही. पोरगा चार वर्षं खेळलाय. पुढचा सामना बाद फेरीचा. त्याचा अर्धा सामना जाणार, आणि डोक्याने मारणारा म्हणून नाव लागणार. त्याने केलेलं नाही ते त्याच्या अंगावर घालू?"

"घाला. धड घरी तरी जाईल."

"आज याच्यासाठी दिसत नाही म्हटलं, पुढच्या शनिवारी आणखी कुणासाठी म्हणेन. मग ही खोली कशाला? खालचे लोक आहेत की ठरवायला."

"धुमाळ, हात पाहिलेत तुम्ही."

"पाहिले म्हणूनच सांगतो, दोन्ही सांगा. आधी निर्णय, मग हातांचं. जखमी माणसाला बाहेर काढायचा नियम हॅलोरनच्या हातात आहे. त्याला शंका आली की काढता येतं."

"आणि नाही आली तर?"

हॅलोरनने पुन्हा विचारलं. खाली प्रेक्षक एका सुरात त्या मुलाचा नंबर ओरडत होते.

"कर्ट, तुझं काय?" धुमाळांनी इंग्रजीत विचारलं.

"माझं मत धरत नाहीत, यश," कर्ट म्हणाला. "पण टार्गेटिंग नाहीच आहे."

"ओव्हरटर्न्ड," धुमाळ मला म्हणाले.

मी आवाज चालू केला. "हॅलोरन, ओव्हरटर्न्ड. खांदा छातीवर. चव्वेचाळीस सामन्यात राहील. दुसरं, चव्वेचाळीसला बाहेर काढ. पडल्यावर हात ताठ झाले होते."

"पहिलं मिळालं. दुसरं पुन्हा सांग."

"डोक्याला मार आहे. हात ताठ झाले. आम्ही दोनदा पाहिलं."



"ट्रेनर बोललाय त्याच्याशी," हॅलोरन म्हणाला. ट्रेनर म्हणजे संघाबरोबर असणारा, दुखापती बघणारा माणूस. "ठीक आहे तो."

"ठीक आहे असं ट्रेनर म्हणतो की तो मुलगा?"

"वर्तक, ट्रेनर त्यांचा आहे. मी डॉक्टर नाही आणि तूही नाहीस. मला खेळ सुरू करायचाय."

त्याच मोसमात आमच्या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेने खोल्यांना ताकीद दिली होती : विचारलं तेवढंच सांगा, मैदान चालवू नका. तिचा मसुदा धुमाळांनीच केला होता. मोठ्या संघटनांत अशा वेळी खेळ थांबवायला वर एक वैद्यकीय निरीक्षक बसतो. आमची कॉलेजं लहान होती, आमच्याकडे तो नव्हता. नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की, शंका असेल तर खेळाडू बाहेर. पण ती शंका मैदानावरच्या पंचाला यावी लागते. हॅलोरनला ती आली नव्हती आणि आमची घ्यायची त्याची तयारी नव्हती.

त्याने माइक चालू करून निर्णय सांगितला. तसा आवाज मी त्या स्टेडियममध्ये त्याआधी ऐकला नव्हता. चव्वेचाळीस हेल्मेट चढवत, हात वर करून धावत मैदानात शिरला. काचेची भिंत थरथरत होती. धुमाळ उभे राहून दुर्बिणीतून त्यालाच बघत होते.

"सरळ धावतोय," ते म्हणाले.



काही काही सेकंदांचे चार डाव झाले. पाचव्यात त्याने एकाला खांद्याने अडवलं. धडक मोठी नव्हती. त्या दुपारी तशा शंभर झाल्या असतील. तो उठला, चुकीच्या बाजूला, पाहुण्यांच्या बाकाकडे चालू लागला. त्यांच्यातल्याच एका मुलाने हसून त्याचा दंड धरला आणि त्याला वळवलं. तो एका गुडघ्यावर बसला. मग पुढे पडला.

"कर्ट, मागे घे," धुमाळ म्हणाले.

"यात तपासायला काही नाहीये, यश."

"मागे घे."

कर्टने मागे घेतलं. धुमाळांनी ते पाहिलं, पुन्हा घ्यायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. खाली रुग्णवाहिका आली. मोठा सदरा घातलेली बाई कठड्यावरून उतरायला बघत होती आणि दोन पोलीस तिला फाटक दाखवत होते.

रुग्णवाहिका गेली आणि खेळ सुरू झाला. त्यानंतर आम्ही आणखी दोन निर्णय तपासले. एकात पाय रेषेच्या आत होता की बाहेर, असा प्रश्न होता. आत होता. आम्ही तसं सांगितलं.

परतताना गाडी धुमाळच चालवत होते. महामार्गाला लागल्यावर शुभांगीवहिनींचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर त्या म्हणाल्या, "अहो, खाऊन घेतलंत का काही? की तशीच उपाशी आणताय वर्तकबाईंना?"

"घेतो आता."

"मॅच कशी झाली?"

"झाली," ते म्हणाले. "ठेव. गाडी चालवतोय."

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असतात तर 'स्टँड्स' म्हणाला असतात?"

"हो."

"खात्रीने?"

"हो. पण मी तुमच्या जागी नव्हते, धुमाळ."

"ते झालंच." दिवे लावलेले ट्रक समोरून येत होते. "मला वाटलं, हॅलोरन ऐकेल. इतकी वर्षं ओळखतो त्याला. मला खरंच वाटलं, ऐकेल."

रविवारी दुपारी मी कामावर गेले तेव्हा ती बातमी माझ्याच टेबलावर आली. तीन कॉलम होती. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, कवटी उघडून शस्त्रक्रिया केली होती, प्रकृती गंभीर. मी नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं, मथळा केला, पान सोडलं.

सोमवारी लिंडक्विस्टचा शेरा आला. निर्णय अचूक. वेळ समाधानकारक. खाली एक ओळ होती : खोलीने कार्यकक्षेबाहेरचा संदेश दिला, पुढे टाळावे. मोसमाच्या शेवटी अंतिम सामन्यासाठी गुणांच्या क्रमाने माणसं निवडली. आमची खोली पहिली आली. धुमाळांनी नकार कळवला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं.

मुलगा वाचला. तो बोलत नाही. डाव्या हाताने चमचा धरतो.

जुलैत शिबिर होतं. पंच, खोल्यांमधले लोक, नवे उमेदवार असे दोनशे जण एका हॉटेलच्या सभागृहात बसले होते. धुमाळांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, मी त्यांच्या मागे होते. लिंडक्विस्ट टार्गेटिंगवर बोलत होते. "मैदानावर कठीण निर्णय, पण खोलीत एकदम स्वच्छ काम. हे बघा," असं म्हणून त्यांनी चित्र लावलं. चव्वेचाळीस नंबर पडद्यावर आला. खांदा, छाती, दोघं पडायला लागतात, आणि चित्र थांबलं.

"पुढे चालू दे, गॅरी," धुमाळ म्हणाले.

"एवढीच आहे क्लिप."

"मूळ चित्रात पुढे दोन सेकंद आहेत."

"आहेत. त्या दोन सेकंदांत टार्गेटिंग आहे का?"

"नाही."

"मग?"

धुमाळ उभे राहिले. "त्यात तो मुलगा आहे," ते म्हणाले.

 लिंडक्विस्ट माणूस म्हणून वाईट नव्हते. त्या मुलाच्या उपचारांसाठी वर्गणी त्यांनीच सुरू केली होती. त्यांनी चष्मा काढला, हातात धरला.

"यश, इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येकाला वाईट वाटतं. पण मी आत्ता एक नियम शिकवतोय, आणि त्या नियमाचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असेल तर दे."

धुमाळ खाली बसले. पुढची क्लिप लागली.

चहाच्या वेळी एक नवी पंच त्यांच्याकडे आली, हात पुढे करून म्हणाली, "सर, इतक्या गोंगाटात ते तुम्ही नेमकं पाहिलंत. तशी नजर कधी येईल मला?"

"येईल," धुमाळ म्हणाले आणि कप खाली ठेवून बाहेर गेले.

त्या वर्षी त्यांनी काम सोडलं, मीही सोडलं. सोडण्याआधी त्यांनी एक दुरुस्ती लिहून पाठवली : डोक्याला मार दिसला तर खेळ थांबवायचा अधिकार खोलीला द्यावा. संघटनेने वकिलांचं मत मागवलं. वकिलांचं म्हणणं पडलं की अधिकार दिला, तर न वापरल्याबद्दल खटला होऊ शकतो. प्रस्ताव पुढच्या वर्षावर गेला.

पंच असताना खेळाडूच्या घरच्यांशी संबंध ठेवायला मनाई असते. ती संपल्यावर धुमाळ एका रविवारी ओडेगार्डबाईंकडे गेले. मला आधी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी फोन केला.

"जाऊन आलो."

"काय म्हणाल्या?"

"आधी ओळखलं नाही. मग सांगितलं, खोलीत मी होतो. टार्गेटिंगचा निर्णय मी फिरवला. तिने माझा हात धरला, बाई. दोन्ही हातांनी. म्हणाली, देव तुमचं भलं करो. म्हणाली, त्याला वाईट खेळाडू म्हणून बाहेर काढलं असतं तर माझ्या डोक्यात कायम तेच राहिलं असतं. तुम्ही त्याचं नाव राखलंत."

"आणि हातांचं?"

"भिंतीवर फोटो लावलाय तिने. एवढा मोठा. निर्णय फिरल्यावर तो मैदानात धावत येतो ना, हात वर करून, तो. म्हणाली, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण कुठला ते मला माहीत आहे, किती आयांना माहीत असतो?"

"धुमाळ, तुम्ही सांगितलंत का तिला?"

"त्या फोटोखाली बसून?"

मग ते मुलाचं सांगू लागले.

"पोराला चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्याला सांगितलं, हे तुझे पंच. त्याने बघितलं माझ्याकडे."  

तेव्हापासून ते दर महिन्याला एकदा जातात. शुभांगीवहिनी बरोबर काहीतरी करून देतात. त्या मुलाला शिरा आवडतो. ओडेगार्डबाई शेजाऱ्यांना त्यांची ओळख करून देतात ती 'ट्रेंटला न्याय देणारे' अशी.

मधल्या काळात नियम बदलला. तीन शब्दांपैकी 'स्टँड्स' टार्गेटिंगसाठी काढून टाकला. आता खोलीने हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं. धुमाळांची दुरुस्ती या मार्चमध्ये पुन्हा समितीपुढे आली आणि पुन्हा पुढच्या वर्षावर गेली. क्लिप अजून शिबिरात दाखवतात, असं कर्टने सांगितलं.

परवा धुमाळांचा फोन आला. येत्या रविवारी जाणार आहेत, म्हणाले. या वेळी तिला हातांचं सांगायचं ठरवलंय. त्यांनी तसं याआधीही दोनदा ठरवलं होतं. या वेळी मी बरोबर यावं, अशी त्यांची इच्छा आहे. हॅलोरनशी बोलणारी मी होते, म्हणजे मी शब्दाला शब्द सांगू शकेन.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.